कडूबानं औषध घेतलं

पाचोडच्या शिवारात कडूबाला कडूबा म्हणून हाक मारणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता. सारे त्याला 'कामून' म्हणायचे. 'का म्हणून' हे तिकडं एका दमात 'कामून' होतं, आणि ह्या बाबाला लहानपणापासून दुसरा शब्दच येत नव्हता म्हणा ना. बैलाला शिंगं दोनच कामून? विहिरीचं पाणी थंडीत कोमट कामून? शाळेत मास्तर वैतागून म्हणाले, "अरे, तोंड आहे का वंगण नसलेलं चाक?" तर हा उभा राहून विचारतो, "मास्तर, वंगण नसलं की चाक वाजतं कामून?" आता बोला!

त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं नाव ठेवलं कडूबा. कडू पोराला यम तोंड लावत नाही, अशी जुनी समजूत. यमानं तोंड लावलं नाही हे खरं, पण पोरानं आईचं डोकं खाल्लं. "यमाला चव कळती कामून?" म्हणून.

पोरगी बघायला गेला तेव्हाही हाच घोळ. खाली मान घालून बसलेल्या मुलीला लोक नाव विचारतात, शिवणटिपण येतं का विचारतात. ह्यानं विचारलं, "तुमचं नाव आवडा कामून ठेवलं?" बापानं मांडीला चिमटा काढला. पण मुलगी खाली बघतच बोलली, "मी पाचवी पोर. घरात कोनालाच नको व्हते. आजी म्हनली, मला तर आवडली. म्हून आवडा." घरी येताना बैलगाडीत कडूबा म्हणाला, "हीच करायची." बापानं जन्मात पहिल्यांदा त्याचाच शब्द त्याला परत दिला, "कामून?" कडूबा म्हणाला, "जबाब देती ती."

जबाब देत देत आवडाबाईनं त्याचा संसार केला. मोसंबीची बाग लावली, वाढवली. मोसंबी एका सालाला लदबदून येते आणि दुसऱ्या सालाला रुसते कामून, हे विचारून कडूबानं कृषी सहायकाला इतकं पिडलं, की तो माणूस कडूबाची सायकल दिसली की बांधाआड व्हायचा. बहाराच्या वेळी कोवळ्या पालवीवर कीड बसली की मारायला पेट्रोलवर चालणारा, पाठीवरचा फवारणीचा पंप होता. तो पाठीला बांधून कडूबा बागेत शिरला की पंपाच्या घरघरीवर आवाज चढवून झाडांनाही प्रश्न विचारायचा.

मग झाडं म्हातारी झाली. शेंडे वाळले. टँकरचं पाणी घालून झालं, खत घालून झालं, शेवटी जेसीबी लावून बाग काढली. झाडं आडवी होत होती आणि कडूबा बांधावर बसून बघत होता. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. रान पुतण्याला, शिवमला, कसायला दिलं. मुलगा ऋतुराज आणि सून मोनिका दोघंही शेंद्र्याला कंपनीत. ते म्हणाले, आता शहरात, गारखेड्याला आमच्याकडंच या. कडूबा आणि आवडाबाई आले. टेम्पोत कडूबानं हट्टानं एकच गोष्ट चढवली, फवारणीचा पंप. फ्लॅटच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली तो पंप बसला, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून कडूबा बसला.

बसला तो बसलाच. सकाळी चहा, दुपारी भाकरी, संध्याकाळी टीव्हीसमोर मान. भांडण नाही, तक्रार नाही. ऋतुराज म्हणायचा, "बाबा किती छान रुळलेत!" आवडाबाई मात्र सुनेच्या कानाशी लागायची, "ह्यांचं कामून बंद पडलंय, पोरी. असं कधी झालं नाय." मोनिका बिचारी म्हणायची, वय झालं की माणूस शांत होतो. आवडाबाईला ते पटायचं नाही. कडूबाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच वाटायचं, की शहरात सगळंच फिकं. भाजी फिकी, ऊन फिकं. हल्ली तर चहाही फिका लागायचा. इथल्या साखरेतच दम नसंल, असं मनाशी म्हणून तो कप रिकामा करून ठेवायचा.

उन्हाळा तोंडावर आला तशी खालच्या मजल्यावरची सरिता मॅडम वर आली. सोसायटीच्या जास्वंदीला पांढरा कापसासारखा चिकटा लागला होता. "काका, तुमच्याकडं पंप आहे ना? मारून द्या की औषध." कडूबानं मान हलवली. ती गेल्यावर पंप पुढं ओढला, टाकी हलवून बघितली. पेट्रोल खळखळलं. दोरी ओढली. पंप ढिम्म. पुन्हा ओढली. पुन्हा ढिम्म. पाऽर खांदा निखळायची वेळ आली तरी ते बेणं साधं खोकलंसुद्धा नाही.

कडूबा घाम पुसत खाली बसला. आवडाबाई भाजी आणायला गेलेली. घरात कुणी नव्हतं. आणि तोंडातून आपोआप शब्द पडला, "पेट्रोल तर हाय. मंग कामून?"

तो स्वतःच दचकला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं वाटलं. कपडे बदलून, पंप पोत्यात घालून तो तडक चौकापलीकडच्या वहाब मिस्तरीकडं गेला. घरी सांगायचं काय? आधी कळू तर द्या, मग सांगू, असा विचार त्यानं केला, आणि इथंच पुढच्या सगळ्या रामायणाचं बी पडलं.

वहाबभाईनं पंप खोलला. त्यातून पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा कार्बोरेटर काढला, आणि त्यातलं पितळेचं एक इवलंसं नळकांडं उजेडासमोर धरलं. "ये देखो कडूबाभाऊ. इसमें एक छेद रैता. बाल भी मुश्किल से जाता. वो बंद हो गया."

"बंद कामून झालं?"

"पेट्रोल खडा खडा उड जाता, और पीछे गोंद छोडता."

"पेट्रोलात गोंद कामून?"

वहाबभाईनं चष्म्यावरून बघितलं. गिऱ्हाईक वेगळं आहे हे त्याला कळलं. म्हणाला, खरं सांगू का, एवढं खोलात मलाही ठाऊक नाही. पण रोज चालणाऱ्या गाडीला ही बिमारी होत नाही, उभ्या गाडीला होते. आणि आता तर पेट्रोलमध्ये उसाची दारू मिसळतात, ती हवेतलं पाणी ओढते. कडूबाचे डोळे चमकले. उसाची दारू! पाचोडपासून पैठणपर्यंत ऊस बघत जन्म गेला, आणि तो ऊस आपल्याच पंपात येऊन बसला होय?

"मंग ह्याला विलाज?"

"दवा मिलती. पेट्रोल में डालने की." वहाबभाईनं फळीवरून तळाशी थोडंसं उरलेली एक बाटली काढली. "मगर भाऊ, ये दवा बिमारी के बाद की नै, पैले की है. छेद बंद हो गया तो दवा क्या करती? गाडी खडी करने के पैले डालना, और डालके थोडी देर चलाना. तबी अंदर तक जाती."

दुसरा कुणी असता तर 'बरं' म्हणून घरी गेला असता. कडूबाला बरं म्हणता येत नव्हतं. त्यानं ते उरलेलं औषध मागून घेतलं. मोनिकाच्या जामच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या, दोन्हीत थोडं थोडं पेट्रोल ओतलं, एकीत औषध टाकलं, दुसरी तशीच. झाकणं सैल लावली. चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात एकीवर लिहिलं 'औषध' आणि दुसरीवर 'साधं'. दोन्ही गॅलरीच्या कोपऱ्यात, आडोशाला ठेवून दिल्या, आणि उन्हाळाभर त्यांच्याकडं बघत बसला.

आता हे तुम्हाआम्हाला ठीक. पण आमच्याकडं गावात 'औषध' म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. तापाला घेतात ते औषध. पिकावर मारतात तेही औषध. आणि अमक्यानं औषध घेतलं असं कुणी हळू आवाजात म्हणालं, की बाया हातातलं काम टाकून तोंडाला पदर लावतात. कडूबा बाटल्यांसमोर उकिडवा बसलाय, 'औषध' लिहिलेली बाटली उचलून वास घेतोय, पुन्हा ठेवतोय, आणि कुणाशी बोलत नाहीय, हे दाराआडून आवडाबाई बघत होती. तो मात्र आपल्या नादात खूष होता.

पावसाळा लागेपर्यंत 'साधं' बाटलीतलं पेट्रोल पिवळसर झालं. काचेला तपकिरी, चिकट कड धरली. 'औषध' बाटलीत तेवढं नव्हतं. फरक डोळे फाडून बघावा एवढाच होता, पण होता! कडूबानं काडीनं ती कड खरवडली, बोटावर घासली. चिक्कीच्या पाकासारखी चिकटली. "आत्ता घावलास," तो म्हणाला.

वहाबभाईकडं पंप साफ होऊन पडला होता. आता औषध पाहिजे होतं, ताजं, भरलेलं. वहाबभाई म्हणाला, मोंढा नाक्याला माझ्या मुलाचं, ओवैसचं, स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथं मिळेल. सकाळी चहा झाल्याबरोबर कडूबा निघाला. आवडाबाईनं विचारलं, "कुठं निघालात?" तो जिना उतरता उतरता म्हणाला, "आलो."

ओवैसनं बाटली काढून दिली. कडूबानं ती उन्हात धरली, रंग बघितला, झाकण बघितलं, मागची बारीक अक्षरं चष्मा खालीवर करून वाचू लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आवडाबाई. हात तेलकट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि अक्षरं नुकतीच लागायला लागलेली. त्यानं फोन ओवैसच्या हातात दिला. "तूच सांग बाबा तिला."

ओवैस गुणी पोरगा. मराठीही बरी बोलतो. फक्त हिंदीतून आणून बोलतो.

"हां काकू, मी ओवैस. काका इथं आहेत. काकांनी औषध घेतलं."

पलीकडून काहीतरी आवाज आला.

"औषध, औषध! पूर्ण बाटली घेतली. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी त्यांना आत्ता रिक्षात टाकतो..."

आणि फोनची बॅटरी संपली. ओवैसनं फोन परत दिला. "सांगितलं काकूंना." कडूबा म्हणाला, "बरं केलंस," आणि पुन्हा अक्षरांत शिरला. ही अक्षरं वाचून झाली, शेजारच्या बाटलीची वाचून झाली, दोन्हीत काय वेगळं ते ओवैसला विचारून झालं. मग कुठं शेअर रिक्षा धरली.

गारखेड्याला पोचला तर घराचं दार सताड उघडं. परातीत अर्धं मळलेलं पीठ, तवा करपून काळा. गॅस मात्र कुणीतरी बंद केलेला. "आवडे?" त्यानं हाक मारली. जिन्यातून सरिता मॅडम धावत वर आली आणि त्याला बघून भिंतीला टेकली.

"काका! तुम्ही... तुम्ही बरे आहात?"

"मला काय धाड भरलीय?"

"अहो, काकू रडत पळत गेल्या सरकारी दवाखान्यात! तुम्ही औषध घेतलं म्हणून फोन आला ना!"

"घेतलं की," कडूबा म्हणाला आणि पिशवी वर केली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. औषध घेतलं. पूर्ण बाटली. रिक्षात टाकतो. अरे देवा रे! बाटलीची पिशवी तशीच हातात धरून तो खाली पळाला. वाटेत रिक्षावाल्याला तो "हाण, बाबा हाण" एवढंच म्हणत होता.

दवाखान्याच्या अपघात विभागाच्या दारात त्यानं पहिल्या दिसलेल्या नर्सबाईला गाठलं. "बाई, माझी बायको इथं आलीय. मी औषध घेतलं म्हून."

नर्सबाईच्या कपाळाला आठी पडली. "घेतलंत का?"

"घेतलं, पन..."

"किती?"

"येक बाटली."

"केव्हा?"

"सकाळच्याला."

"बाटली आणलीय?"

"ही काय," म्हणून कडूबानं बाटली काढून दिली, आणि पुढचं बोलायच्या आत दोन वॉर्डबॉयनी त्याला काखेत धरून आडवा केला. बाई आपलं काम चोख करत होती, तिचा काय दोष? कडूबा पाय झाडत ओरडला, "अवो, ते पेट्रोलचं हाय!" नर्सबाईनं मागं वळून आवाज दिला, "डॉक्टर, पेट्रोलपण आहे!"

एक तरुण डॉक्टरीणबाई आली. बाटली फिरवून वाचली. मग कडूबाकडं बघितलं. "बाबा, हे तर इंजिनमध्ये टाकायचं आहे. तुम्ही प्यायलात?"

"मी कामून पिऊ?" कडूबा उखडला. "मी काय इंजिन हाये?"

हा आवाज तिकडं, पडद्यापलीकडं पोचला. आवडाबाई तिथं खाटेखाटेवरच्या माणसांची तोंडं बघत फिरत होती. हातावरचं ज्वारीचं पीठ वाळून त्याची पापडी झाली होती. ती पडदा सारून आली. कडूबा खाटेवर उठून बसलेला, केस विस्कटलेले, चष्मा एका कानाला. मग पुढं झाली आणि दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत, खांद्यावर, जिथं लागेल तिथं बदडायला लागली. नर्सबाई आडवी आली तर तिला म्हणाली, "सरका वो बाई!" कडूबाच्या शर्टावर पिठाचे पंजे उमटले. मग मारता मारताच तिनं त्याचा शर्ट मुठीत धरला, आणि तो सोडलाच नाही.

पुढं बाहेर झाडाखाली बाकड्यावर दोघं बसले तेव्हाही मूठ तशीच होती. कडूबानं सगळं सांगितलं, पंपापासून ओवैसपर्यंत. आवडाबाई ऐकत होती की नाही कळत नव्हतं. शेवटी त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "आवडे, पन तुला खरं कामून वाटलं? आपल्याला काय कमी हाय? मी असं करीन व्हय?"

आवडाबाईनं नाक पुसलं. "आत्ता इचारताय कामून? बाग काढल्यापासून येक डाव तरी ह्यो शबुद तोंडातून काढला का तुमी?"

कडूबा बोटांवर महिने मोजायला लागला.

"मी तुमच्या च्यात साखर टाकायची बंद केली. मुद्दाम. म्हनलं, आज तरी इचारतेन, च्या फिका कामून. दुसऱ्या दिशी इचारतेन. रोज कप धुताना मला रडू यायचं. तुमी पिऊन ठिवायचे. येका शबुदानं इचारलं नाय." तिचा आवाज फुटला. "मंग तुमी त्या बाटल्यांम्होरं जाऊन बसायला लागले. वर औषध ल्हिलेलं. मी काय समजायचं, सांगा!"

त्याला तो फिका चहा आठवला, रोजचा. शहराच्या साखरेला नावं ठेवत प्यायलेला. हिनं रोज एक प्रश्न कपात घालून पुढं ठेवला होता, आणि जन्मभर साऱ्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो दिसला नव्हता. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे त्यानं आयुष्यात फार वेळा म्हटलं नव्हतं. तिच्या मुठीवर त्यानं आपला हात ठेवला, आणि पिठाची पापडी बोटानं हळूच सोलत बसला.

दोघं रिक्षातून परत निघाले. सिग्नलला थांबल्यावर आवडाबाई बाहेर बघत म्हणाली, "उभ्या पेट्रोलाचा गोंद कामून व्हतो म्हनले तुमी?"

मग काय विचारता! घर येईपर्यंत कडूबाचं तोंड बंद नव्हतं. ऊस आला, दारू आली, केसाएवढं छिद्र आलं, औषध आधी टाकायचं आणि टाकून इंजिन चालवायचं तेही आलं. रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "काका, माझ्या भावाचा जनरेटर असाच बंद पडलाय," तर घरापुढं उतरल्यावरही कडूबा त्याला सांगतच उभा राहिला. आवडाबाई तोंड उघडं टाकून ऐकत होती असं नाही, पण तिनं त्याला वरही ओढलं नाही.

संध्याकाळी वहाबभाईकडून पंप आणला. ताज्या पेट्रोलात औषध घातलं. दुसऱ्या झटक्याला पंप असा गरजला, की सोसायटीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. सरिता मॅडमच्या जास्वंदीवर फवारा बसला. ऋतुराज आणि मोनिका कंपनीतून आले तेव्हा बाबा पाठीवर पंप बांधून जास्वंदीला ओरडून काहीतरी विचारत होते.

सकाळी कडूबा गॅलरीत खुर्चीवर बसला. आवडाबाईनं चहा आणून हातात दिला आणि तिथंच उभी राहिली. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पाकच होता तो, चहा कसला.

"आवडे, येवढा गोड कामून?"

"तसंच," आवडाबाई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून हसली.

कडूबानं कप खाली ठेवला नाही. "तसंच कामून?" त्यानं विचारलं.